यंत्र सर्वांसाठी खुले करणारा अभियंता : रॉबर्ट पॉल

दिनांक २० फेब्रुवारी १८९६. लंडन शहरात त्या एकाच दिवशी हलत्या चित्रांची दोन प्रात्यक्षिके झाली. रीजंट स्ट्रीटवरील पॉलिटेक्निक संस्थेत फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचा खेळ झाला. त्याच दिवशी फिन्सबरी टेक्निकल कॉलेजमध्ये तेथील एका माजी विद्यार्थ्याने स्वतः तयार केलेले प्रक्षेपण यंत्र लोकांसमोर मांडले. पहिल्या घटनेची नोंद चित्रपटाच्या प्रत्येक इतिहासात सापडते. दुसरी घटना मात्र अभ्यासक वगळता फारशी कोणाच्या स्मरणात राहिलेली नाही. या माजी विद्यार्थ्याचे नाव रॉबर्ट विल्यम पॉल. त्यांचे वय त्या वेळी अवघे २६ वर्षांचे होते.

पुढे साडेचार महिन्यांनी, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर यांचा खेळ झाला. त्यामुळे सिनेमाच्या आरंभाचा विषय निघाला की आपल्याकडे ल्युमिएर हेच नाव प्रथम ओठावर येते. ते योग्यही आहे. परंतु सिनेमा हा दोन-चार कंपन्यांचा खेळ न राहता जगभरच्या हौशी, जादूगार, छायाचित्रकार आणि फिरत्या खेळवाल्यांच्या हाती कसा गेला, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागल्यास वाट पॉल यांच्या कारखान्याकडे जाते. ल्युमिएर बंधू सुरुवातीच्या काळात आपले यंत्र विकत नसत. पॉल ते दाम मोजणाऱ्या कोणालाही विकत. या एका फरकाचे परिणाम दूरगामी ठरले.

उपकरणे बनविणारा तरुण

पॉल यांचा जन्म ३ ऑक्टोबर १८६९ रोजी लंडनमध्ये झाला. फिन्सबरी टेक्निकल कॉलेजमध्ये त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. हे कॉलेज प्रत्यक्ष कामावर भर देणारे म्हणून प्रसिद्ध होते. त्यानंतर वैज्ञानिक उपकरणे बनविणाऱ्या इलियट ब्रदर्स या नामांकित पेढीत त्यांनी काम केले. १८९१ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी हॅटन गार्डन भागातील ४४ क्रमांकाच्या जागेत स्वतःचा कारखाना सुरू केला.

विजेचा प्रवाह व दाब मोजणारी नाजूक उपकरणे हा त्यांचा मूळ व्यवसाय होता. चित्रपट किंवा नाटक या क्षेत्रांशी त्यांचा काहीही संबंध नव्हता. पुढील सर्व घडामोडी समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. पॉल यांनी सिनेमाकडे कलावंत किंवा खेळवाला म्हणून पाहिले नाही. त्यांच्या दृष्टीने ते एक उपकरण होते. ते अचूक चालले पाहिजे, टिकाऊ असले पाहिजे आणि गिऱ्हाइकाला मिळाले पाहिजे, ही उपकरणे बनविणाऱ्याची वृत्ती त्यांनी येथेही कायम ठेवली.

ग्रीक व्यापाऱ्यांची मागणी

अमेरिकेत थॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेले कायनेटोस्कोप हे यंत्र ऑक्टोबर १८९४ मध्ये लंडनमध्ये दाखल झाले. हे लाकडी पेटीसारखे यंत्र असे. वरच्या बाजूच्या छिद्राला डोळा लावून एका वेळी एकाच व्यक्तीने आत पाहावयाचे. आत सुमारे ५० फूट लांबीच्या फितीचे वेटोळे विजेच्या मोटारीवर अखंड फिरत असे आणि अर्ध्या मिनिटाहूनही कमी वेळात खेळ संपत असे. तरीही लोक त्यासाठी रांगा लावत.

जॉर्जिएडिस आणि ट्रेजिडिस या दोन ग्रीक व्यापाऱ्यांनी लंडनमध्ये ही यंत्रे लावली होती. अधिक यंत्रे स्वस्तात मिळावीत म्हणून ते पॉल यांच्याकडे आले आणि कायनेटोस्कोपच्या हुबेहूब प्रती बनवून द्याव्यात, अशी मागणी त्यांनी केली. एडिसन यांच्याकडे या यंत्राचे पेटंट असणार, असे गृहीत धरून पॉल यांनी प्रथम नकार दिला. नंतर त्यांनी चौकशी केली, तेव्हा एडिसन यांनी इंग्लंडमध्ये या यंत्राचे पेटंट घेतलेच नसल्याचे आढळून आले. कायद्याची अडचण उरली नाही. पॉल यांनी त्या व्यापाऱ्यांसाठी यंत्रे तयार केलीच, शिवाय स्वतःच्या नावावरही विकण्यास प्रारंभ केला. पुढे फ्रान्समधील चित्रपट उद्योगाचे सम्राट ठरलेले शार्ल पाते हे त्यांच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांपैकी एक होते.

१८९५ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथे ‘एम्पायर ऑफ इंडिया’ नावाचे भव्य प्रदर्शन भरले होते. हिंदुस्थानचे वैभव इंग्रज प्रेक्षकांना दाखविण्यासाठी भरविलेल्या या प्रदर्शनात पॉल यांनी आपली कायनेटोस्कोप यंत्रे लावली. पेट्यांभोवती होणारी गर्दी पाहून त्यांच्या मनात एक विचार बळावला. एका पेटीत एकच माणूस डोकावू शकतो. हेच चित्र पडद्यावर पाडता आले, तर शेकडो लोक ते एकाच वेळी पाहू शकतील.

फीत मिळेना म्हणून कॅमेरा

मात्र त्याआधी एक वेगळीच अडचण उभी राहिली. पॉल यांच्या यंत्रांना एडिसन यांच्या विक्रेत्यांकडून फिती मिळेनाशा झाल्या. अधिकृत यंत्र विकत घेणाऱ्यालाच फीत द्यावयाची, असे धोरण त्यांनी अवलंबिले. फितीवाचून पेटी निरुपयोगी होती. यावर एकच उपाय होता. स्वतःचा कॅमेरा बनवून स्वतःच चित्रे घ्यावयाची.

यासाठी पॉल यांनी बर्ट एकर्स या अनुभवी छायाचित्रकाराचे साहाय्य घेतले. छायाचित्रण, रसायने आणि फितीची हाताळणी ही एकर्स यांची बाजू होती, तर यंत्ररचना व कारखाना ही पॉल यांची. मार्च १८९५ मध्ये कॅमेरा सिद्ध झाला. एकर्स यांच्या बार्नेट येथील ‘क्लोव्हेली कॉटेज’ या घरासमोर चाचणीचे चित्रण झाले. ३० मार्च १८९५ रोजी ऑक्सफर्ड व केंब्रिज विद्यापीठांमधील नौकांची शर्यत आणि २९ मे रोजी डर्बीची घोड्यांची शर्यत या कॅमेऱ्याने टिपली. इंग्लंडमध्ये तयार झालेल्या अगदी पहिल्या चित्रपटांत यांची गणना होते.

येथे एक तांत्रिक निर्णय महत्त्वाचा ठरला. पॉल यांनी फितीची रुंदी व छिद्रांची रचना एडिसन यांच्या यंत्राप्रमाणेच ठेवली. म्हणजे ३५ मिलिमीटर रुंद फीत आणि प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार-चार छिद्रे. ल्युमिएर यांच्या फितीत प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना केवळ एकेक गोल छिद्र असे. पॉल यांचा उद्देश साधा होता : आपली फीत आधीच विकल्या गेलेल्या पेट्यांतही चालली पाहिजे. परंतु त्यामुळे अमेरिका आणि इंग्लंड या दोन मोठ्या बाजारपेठांत एकाच मापाची फीत रूढ झाली. पुढे ३५ मिलिमीटर हेच जगभरच्या चित्रपटगृहांचे प्रमाण माप बनले, त्यात या निर्णयाचाही वाटा आहे.

भागीदारीचा शेवट

पॉल व एकर्स यांचा करार दहा वर्षांसाठी झाला होता. प्रत्यक्षात ही भागीदारी काही महिनेच टिकली. २७ मे १८९५ रोजी एकर्स यांनी कॅमेऱ्यासाठी स्वतःच्या एकट्याच्या नावाने पेटंटचा अर्ज केला. कॅमेरा नेमका कोणाचा, यावरून दोघांत कायमचे वितुष्ट आले. एकर्स यांच्या मते कल्पना त्यांची होती आणि पॉल यांनी केवळ सुटे भाग बनविले. पॉल यांच्या मते यंत्राची रचना कारखान्यात त्यांनीच केली होती. हा वाद दोघांच्या हयातीत मिटला नाही.

एकर्स हेही सामान्य गृहस्थ नव्हते, हे येथे नमूद केले पाहिजे. १४ जानेवारी १८९६ रोजी त्यांनी लंडनच्या रॉयल फोटोग्राफिक सोसायटीत पडद्यावर हलती चित्रे दाखविली. म्हणजे पॉल यांच्या प्रात्यक्षिकाच्या महिनाभर आधीच. पुढे १८९८ मध्ये त्यांनी घरगुती वापरासाठी ‘बर्टॅक’ हे लहान मापाचे यंत्रही बनविले. परंतु यंत्रांचे उत्पादन करून ती गावोगावी पोहोचविण्याची व्यवस्था पॉल यांच्यापाशी होती, तशी एकर्स यांच्यापाशी नव्हती.

या भागीदारीत निघालेल्या एका लघुपटाची कथा मनोरंजक आहे. डोव्हरच्या बंधाऱ्यावर आदळणाऱ्या लाटांचे ते चित्रण होते. २३ एप्रिल १८९६ रोजी न्यूयॉर्कमध्ये एडिसन यांच्या नावाने व्हायटास्कोप या प्रक्षेपकाचा पहिला जाहीर खेळ झाला, तेव्हा त्यात हेच दृश्य दाखविण्यात आले. ज्यांनी फिती देण्याचे नाकारले, त्यांच्याच रंगमंचावर या इंग्रज जोडीची फीत झळकली.

कालयंत्राचा अर्ज

१८९५ मध्येच एच. जी. वेल्स यांची ‘द टाइम मशीन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. भूतकाळ आणि भविष्यकाळात प्रवास करण्याची ही कल्पना पॉल यांना इतकी भावली, की त्यांनी तिच्या आधारे एक प्रेक्षणीय खेळ रचण्याचे ठरविले. २४ ऑक्टोबर १८९५ रोजी त्यांनी पेटंटचा प्राथमिक अर्ज दाखल केला.

या अर्जातील योजना आजही थक्क करणारी आहे. प्रेक्षकांनी हलत्या फलाटांवर बसावयाचे. यंत्राच्या साहाय्याने फलाट झुलवावयाचे आणि प्रेक्षकांच्या अंगावर वाऱ्याचे झोत सोडावयाचे, जेणेकरून आपण वेगाने प्रवास करीत आहोत, असा त्यांना भास व्हावा. समोरच्या पडद्यावर चित्रदीपांतून स्थिर आणि हलती अशा दोन्ही प्रकारची दृश्ये पाडावयाची. चित्रदीप रुळांवरील गाड्यांवर ठेवून पडद्याजवळ किंवा दूर न्यावयाचे, म्हणजे चित्र लहान-मोठे होईल. एक दृश्य मावळत असताना दुसरे उमलावयाचे. पुढे चित्रपटांत रूढ झालेल्या कितीतरी युक्त्या येथे कागदावर दिसतात. खर्चामुळे म्हणा किंवा अन्य व्यापांमुळे म्हणा, ही योजना प्रत्यक्षात आली नाही. परंतु पडद्यावर चित्र पाडण्याचे पहिले यशस्वी यंत्र तयार करण्यापूर्वीच या अभियंत्याची कल्पना कोठवर धावली होती, याचा तो पुरावा आहे.

फीत थांबविण्याचे कसब

पडद्यावर हलते चित्र दाखविण्यातील खरी अडचण चित्र हलविण्याची नसून ते थांबविण्याची होती. कायनेटोस्कोपमध्ये फीत अखंड सरकत असे आणि फिरत्या तबकडीतील अरुंद फटीतून प्रत्येक चित्र निमिषमात्र दिसे. एका डोळ्यासाठी एवढा प्रकाश पुरेसा होता. मोठ्या पडद्यावर मात्र असे चित्र अतिशय अंधूक पडले असते. चित्र उजळ दिसावयाचे असेल, तर फितीवरील प्रत्येक चौकट भिंगासमोर क्षणभर निश्चल उभी राहिली पाहिजे, नंतर झडपेने प्रकाश अडवून फीत झटकन एका चौकटीइतकी पुढे सरकली पाहिजे आणि पुन्हा थांबली पाहिजे. एका सेकंदात हे अनेकदा घडावयास हवे आणि तेही फीत न फाटता.

पॉल यांनी यासाठी घड्याळजींना परिचित असलेल्या रचनेचा आधार घेतला. फीत ओढणाऱ्या दातेरी रिळाच्या आसाला त्यांनी ताऱ्याच्या आकाराचे चाक बसविले. शेजारी अखंड फिरणाऱ्या तबकडीवर एक बोट होते. तबकडीच्या प्रत्येक फेऱ्यात हे बोट ताऱ्याच्या खाचेत शिरून त्याला एक टप्पा पुढे ढकलत असे. उरलेल्या वेळात तबकडीची गोल कड ताऱ्याला जागच्या जागी घट्ट धरून ठेवी. म्हणजे अखंड फिरणाऱ्या हँडलपासून थांबत-थांबत जाणारी गती मिळे. ही रचना ‘माल्टीज क्रॉस’ या नावाने ओळखली जाते. याच सुमारास अन्य देशांतील संशोधकही या कल्पनेवर काम करीत होते. त्यामुळे तिचा एकच जनक सांगणे योग्य होणार नाही. परंतु तिचा वापर करून विक्रीयोग्य यंत्र बाजारात आणणाऱ्या पहिल्या मोजक्या लोकांत पॉल यांचे स्थान निश्चित आहे.

या यंत्राला त्यांनी ‘थिएट्रोग्राफ’ असे नाव दिले आणि मार्च १८९६ च्या आरंभी पेटंटसाठी अर्ज केला. त्यांनी ठेवलेली आणखी एक सोय व्यवहारचातुर्याची होती. त्या काळी काचेच्या रंगीत चित्रांचे खेळ दाखविणाऱ्यांकडे मॅजिक लँटर्न, म्हणजे चित्रदीप, असतच. थिएट्रोग्राफ त्या चित्रदीपाला जोडून वापरता येत असे. प्रकाशाचा स्रोत गिऱ्हाइकाकडे आधीच होता. त्याला नवी चित्रे देणारे यंत्र तेवढे पॉल विकत होते.

अल्हाम्ब्रातील यश

कॉलेजातील प्रात्यक्षिकानंतर काही दिवसांतच रॉयल इन्स्टिट्यूशन या विख्यात विज्ञानसंस्थेत यंत्र दाखविण्यात आले. लवकरच ‘इजिप्शियन हॉल’ या जादूच्या प्रयोगांसाठी प्रसिद्ध असलेल्या नाट्यगृहात डेव्हिड डेव्हंट या जादूगाराने ते आपल्या कार्यक्रमात समाविष्ट केले. २५ मार्च १८९६ पासून लेस्टर स्क्वेअरमधील ‘अल्हाम्ब्रा’ या भव्य नाट्यगृहात ‘ॲनिमेटोग्राफ’ या नव्या नावाने खेळ सुरू झाला. ठरविलेला मुक्काम दोन आठवड्यांचा होता. प्रत्यक्षात तो सुमारे दोन वर्षे चालला.

प्रेक्षकांना एकसारखी नवी चित्रे हवी असत. एप्रिल १८९६ मध्ये अल्हाम्ब्राच्याच गच्चीवर ‘द सोल्जर्स कोर्टशिप’ हा छोटा विनोदी प्रसंग चित्रित करण्यात आला. ब्रिटनमधील पडद्यावर दाखविण्यासाठी बनविलेला पहिला कथापट म्हणून त्याचा उल्लेख होतो. अनेक दशके तो नष्ट झाल्याचे मानले जात होते. पुढे रोममधील संग्रहात त्याची प्रत मिळाली आणि २०११ मध्ये त्याचे पुनरुज्जीवन झाले.

३ जून १८९६ रोजी झालेल्या डर्बीत युवराज एडवर्ड यांचा ‘पर्सिमन’ हा घोडा पहिला आला. पॉल यांनी शर्यतीचा शेवट चित्रित केला, रातोरात फीत धुतली आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी ती अल्हाम्ब्राच्या पडद्यावर दाखविली. प्रेक्षकांनी टाळ्यांच्या कडकडाटात हे दृश्य पुन्हा पुन्हा दाखवावयास लावले. काल घडलेली घटना आज पडद्यावर, या वृत्तचित्रांच्या कल्पनेची ती नांदी होती.

विक्रीस खुले यंत्र

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिएर यांचा पहिला जाहीर सशुल्क खेळ झाला. त्या प्रेक्षकांत जॉर्ज मेलिए नावाचे एक जादूगार आणि नाट्यगृहाचे मालक होते. खेळ पाहून भारावलेल्या मेलिए यांनी यंत्र विकत मागितले. ते त्यांना मिळाले नाही. तेव्हा त्यांनी लंडनहून पॉल यांचे प्रक्षेपण यंत्र मिळविले. त्याची रचना समजून घेऊन त्यांनी त्यावरून स्वतःचा कॅमेरा तयार करविला. पुढे चंद्रावरील सफरीसारख्या अद्‌भुत चित्रपटांनी जगाला वेड लावणाऱ्या या कलावंताचा प्रवास अशा रीतीने हॅटन गार्डनमधील एका यंत्रापासून सुरू झाला.

मेलिए हे एकच उदाहरण नव्हे. कार्ल हर्ट्झ या जादूगाराने १८९६ मध्ये पॉल यांचे यंत्र जहाजातून दक्षिण आफ्रिकेला व तेथून ऑस्ट्रेलियाला नेले. या दोन्ही देशांत पडद्यावरील हलत्या चित्रांचे अगदी पहिले खेळ त्याने केले. इंग्लंडमधील जत्रांतील खेळवाले, नाट्यगृहांचे चालक, व्याख्याते अशा कितीतरी लोकांनी पॉल यांची यंत्रे घेतली. यंत्रासोबत फिती आणि सुटे भागही मिळत. यंत्र एकदा विकल्यावर त्याने कोणते चित्र दाखवावे, कोठे दाखवावे, यावर पॉल यांचे बंधन नसे.

कॅमेऱ्यातील सुधारणा

१८९६ च्या वसंत ऋतूत पॉल यांनी नवा कॅमेरा सिद्ध केला. त्यातील एक वैशिष्ट्य असे, की फीत उलट दिशेनेही फिरविता येत असे. ही सोय दिसावयास किरकोळ होती. परंतु त्यामुळे एकदा प्रकाशित झालेली फीत मागे घेऊन तिच्यावर दुसरे दृश्य घेता येऊ लागले. भुते, अदृश्य होणारी माणसे, क्षणात बदलणारी रूपे अशा चमत्कृतींचा पाया या दुहेरी चित्रणात आहे. १९०१ मधील ‘द मॅजिक सोर्ड’ आणि डिकन्सच्या कथेवरील ‘स्क्रूज, ऑर मार्लीज घोस्ट’ या पॉल यांच्या चित्रपटांत ते तंत्र दिसते. दोन्हींसाठी त्यांना वॉल्टर बूथ या जादूगाराचे साहाय्य लाभले.

दुसरी सुधारणा १८९७ ची. त्या वर्षी २२ जून रोजी राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला ६० वर्षे झाल्याबद्दल लंडनमध्ये भव्य मिरवणूक निघाली. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यातून आलेली पथके तीत होती आणि त्यांत हिंदी घोडदळाचाही समावेश होता. तोवर तिपाईवरील कॅमेरा एका जागी खिळलेला असे. समोरून जाणारी मिरवणूक चौकटीबाहेर गेली की गेली. पॉल यांनी तिपाईच्या माथ्यावर वर्म गिअरवर फिरणारी बैठक बसविली. एक हँडल फिरविताच कॅमेरा संथपणे बाजूला वळे आणि पुढे जाणाऱ्या दृश्याचा पाठलाग करी. आज ज्याला ‘पॅन’ म्हणतात, त्या हालचालीसाठी मुद्दाम बनविलेली ही अगदी पहिल्या साधनांपैकी एक होय.

१८९८ मध्ये उत्तर लंडनमधील मसवेल हिल येथे पॉल यांनी चित्रीकरणासाठी स्टुडिओ उभारला. त्याच वर्षीच्या ‘कम अलाँग, डू!’ या लघुपटात एक वृद्ध जोडपे कलादालनाबाहेर बसलेले दिसते आणि दुसऱ्या दृश्यात ते आत जाते. दोन वेगळ्या जागांची दृश्ये जोडून एक सलग प्रसंग सांगण्याचा हा अगदी आरंभीचा प्रयत्न आहे. आज त्याचे पहिलेच दृश्य उपलब्ध आहे. दुसऱ्याची केवळ स्थिर छायाचित्रे उरली आहेत. १९०६ मधील ‘द ? मोटरिस्ट’ मध्ये तर पोलिसांना चुकवून पळणारी मोटार थेट आकाशात जाते आणि शनीच्या कड्यावरून फेरी मारते.

सिनेमाला निरोप

दशकभरात चित्रपटाचे स्वरूप पालटले. कारखान्यातून यंत्रे विकणाऱ्यांपेक्षा मोठे भांडवल गुंतवून लांबीचे चित्रपट काढणाऱ्या व भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचे युग आले. पॉल यांनी या काळातही उपकरणांचा मूळ व्यवसाय सोडला नव्हता. १९०३ मध्ये त्यांनी ‘युनिपिव्हट गॅल्व्हानोमीटर’ तयार केला. यातील फिरते वेटोळे एकाच बिंदूवर तोललेले असल्यामुळे अत्यंत सूक्ष्म प्रवाह मोजणारे हे उपकरण नेण्या-आणण्यासही सोयीचे होते. १९०४ च्या सेंट लुईस येथील जागतिक प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले.

१९१० मध्ये पॉल यांनी चित्रपटाचा व्यवसाय पूर्णपणे बंद केला. आपल्या फितींचा साठा त्यांनी जाळून टाकला, असे सांगितले जाते. त्यांच्या शेकडो लघुपटांपैकी थोडेच आज उपलब्ध आहेत, ते अन्य ठिकाणी विकल्या गेलेल्या प्रतींमुळे. यंत्र मुक्तपणे विकण्याच्या त्यांच्या धोरणानेच त्यांच्या कामाच्या खुणा राखल्या, असे म्हणता येईल.

पहिल्या महायुद्धानंतर त्यांचा कारखाना केंब्रिज येथील प्रसिद्ध उपकरण कंपनीत विलीन झाला. १९३० च्या दशकात नोबेल पारितोषिक विजेते शास्त्रज्ञ विल्यम ब्रॅग यांच्या कल्पनेवरून त्यांनी श्वसनास साहाय्य करणारे यंत्र विकसित केले. स्नायू दुर्बल झालेल्या रुग्णाच्या छातीभोवती हवेची पिशवी बांधून ती ठरावीक लयीत फुगवावयाची, अशी त्याची रचना होती. ते ‘ब्रॅग-पॉल पल्सेटर’ या नावाने ओळखले जाते. १९३८ मध्ये त्यांना वैज्ञानिक उपकरणांच्या क्षेत्रातील डडेल पदक देण्यात आले. २८ मार्च १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या संपत्तीतून त्यांनी नव्या संशोधन उपकरणांच्या निर्मितीसाठी निधीची तरतूद केली.

श्रेय कोणाचे?

पॉल यांच्याविषयी एक हकिकत सांगितली जाते. रात्री उशिरा हॅटन गार्डनमध्ये पडद्यावर पहिल्यांदा चित्र हलले, तेव्हा कारखान्यातील मंडळींनी एवढा जल्लोष केला, की गस्तीवरील पोलीस काही अघटित घडले असावे, या शंकेने धावत आत आले. शांत केल्यावर त्यांनाही तो खेळ दाखविण्यात आला. १९५१ मध्ये ‘द मॅजिक बॉक्स’ हा ब्रिटिश चित्रपट आला. त्यात असाच प्रसंग आहे. लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी त्यात पोलिसाची भूमिका केली. परंतु चित्रपटातील संशोधक पॉल नसून विल्यम फ्रीज-ग्रीन हे आहेत. एका माणसाच्या आयुष्यातील प्रसंग दुसऱ्याच्या नावावर लागला आणि प्रेक्षकांच्या स्मरणात तसाच राहिला.

असे का घडले? पॉल यांनी दुसऱ्याच्या यंत्राची नक्कल करून आरंभ केला, हे खरे आहे. कॅमेऱ्याच्या श्रेयावर एकर्स यांचा दावा होता, हेही खरे. शिवाय पॉल यांनी स्वतःच या क्षेत्राकडे पाठ फिरविली. १९३६ मध्ये त्यांनी आपल्या चित्रपटविषयक आठवणी सांगितल्या, त्याही तंत्रज्ञांच्या सभेत आणि नेमस्त शब्दांत. स्वतःची आख्यायिका रचण्याची हौस त्यांना नव्हती. अलीकडे मात्र परिस्थिती बदलत आहे. २००६ मध्ये त्यांच्या उपलब्ध चित्रपटांचा संग्रह डीव्हीडीवर प्रसिद्ध झाला आणि २०१९ मध्ये, त्यांच्या जन्माला १५० वर्षे झाली असता, चित्रपटाचे अभ्यासक इयन ख्रिस्ती यांनी त्यांच्यावर विस्तृत ग्रंथ लिहिला.

आपल्याकडील धागा

पॉल स्वतः हिंदुस्थानात आले नाहीत. परंतु त्यांनी ज्या प्रकारच्या व्यवसायाची घडी इंग्लंडमध्ये बसविली, तिचा लाभ महाराष्ट्राला निश्चित झाला. कॅमेरा हे कंपनीचे गुपित नसून दुकानात मिळणारी वस्तू आहे, ही स्थिती त्या काळी इंग्लंडमध्ये निर्माण झाली. म्हणूनच हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांना इंग्लंडहून कॅमेरा मागविता आला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित करता आली. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले. त्याच कॅमेऱ्यावर ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रित होऊन ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी तर परदेशी यंत्रावर विसंबून न राहता स्वतःच कॅमेरा घडविला. हाती आलेले यंत्र उघडावे, समजून घ्यावे आणि आपले आपण बनवावे, हा मार्ग पॉल, मेलिए आणि पेंटर या तिघांनाही समान होता.

गावोगावच्या जत्रांत तंबू ठोकून खेळ करणाऱ्या आपल्या टुरिंग टॉकीजच्या प्रक्षेपकातही थांबत-थांबत फीत पुढे नेणारा माल्टीज क्रॉस टिकटिकत होता. २०१० नंतरच्या काही वर्षांत डिजिटल प्रक्षेपण सर्वत्र आले आणि ती टिकटिक थांबली. तोवर शंभरहून अधिक वर्षे जगातील बहुतेक चित्रपटगृहांत हीच रचना अव्याहत काम करीत होती.

रॉबर्ट पॉल : ठळक टप्पे

१८६९ – लंडनमध्ये जन्म
१८९१ – हॅटन गार्डनमध्ये उपकरणांचा कारखाना
१८९४ – कायनेटोस्कोपच्या प्रती बनविण्यास आरंभ
१८९५ – एकर्स यांच्यासह कॅमेरा. कालयंत्राच्या खेळासाठी पेटंटचा अर्ज
१८९६ – थिएट्रोग्राफ प्रक्षेपक. अल्हाम्ब्रा नाट्यगृहात खेळ
१८९७ – तिपाईवर फिरणारी कॅमेऱ्याची बैठक
१८९८ – मसवेल हिल येथे स्टुडिओ
१९०३ – युनिपिव्हट गॅल्व्हानोमीटर
१९१० – चित्रपट व्यवसायातून निवृत्ती
१९३८ – डडेल पदक
१९४३ – निधन